रिकाम्या पुंगळीचा हिशेब

‘पुंगळी’ हा मराठीतला साधा, घरगुती शब्द. कागद गुंडाळला की पुंगळी होते, आतून पोकळ असलेली कुठलीही बारीक नळी म्हणजे पुंगळी. वर्तमानपत्रात मात्र हा शब्द बहुतेक वेळा एकाच प्रकारच्या बातमीत येतो. ‘घटनास्थळी काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या सापडल्या.’ वाचणारा पुढच्या ओळीकडे वळतो. गोळी कुणी झाडली, कुणाला लागली, हे त्याला जाणून घ्यायचं असतं. पुंगळी बिचारी मागं पडते. तिचं काम संपलं, असं आपण धरूनच चालतो.

ते काम संपत नाही, हे आज सांगायचं आहे. गोळी एकदाच जाते, पण पितळेची पुंगळी उरते. ती वेचली जाते, मोजली जाते, निवडून ठेवली जाते, धुऊनपुसून पुन्हा भरली जाते, नाही तर भट्टीत वितळते, आणि कधी कधी न्यायालयात साक्षीलाही उभी राहते. मी कवितेचा माणूस, बंदुकीशी माझा संबंध शब्दापुरता. पण राहतो हडपसरला. इथं रामटेकडीवर राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, पलीकडे वानवडी-घोरपडीची लष्करी वस्ती, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला खडकीचा दारूगोळा कारखाना. निवृत्त शिपायांशी गप्पा मारताना एक गोष्ट हमखास कानावर येते. चांदमारीत नेम चुकला तर थोडी बोलणी खावी लागत, पण मोजणीत एक रिकामी पुंगळी कमी भरली तर सगळ्यांना गवतात वाकून ती शोधावी लागे. त्यांच्या बोलीत तिला ‘खोका’ म्हणतात. एवढ्याशा खोक्याची एवढी चिंता का, या प्रश्नाचं उत्तर शोधत गेलं की दीडशे वर्षांचा इतिहास हाती लागतो.

पुंगळी नव्हती तेव्हाचं सांगतो. २५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचे दिवस. याच हडपसरच्या परिसरात यशवंतराव होळकरांनी दुसरे बाजीराव पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव केला. बाजीरावांनी पुणं सोडलं, कोकणातून वसई गाठली आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, इंग्रजांशी तह केला. मराठी सत्तेच्या शेवटाची सुरुवात म्हणून तो तह आपण शाळेत शिकलो. त्या लढाईत दोन्हीकडे कवायती कंपू होते, तोफा होत्या, बंदुका होत्या. पण त्या बंदुका ठासणीच्या. दारू आणि शिशाची गोळी नळीच्या तोंडातून आत जायची आणि गजानं ठासायची. दारू मोजून बांधलेली असलीच तर ती कागदाच्या पुडीत. बार झाला की कागद जळून जाई. किती बार उडाले, कुणी उडवले, याचा धातूचा पुरावा जमिनीवर उरत नसे. उरायचं ते शिसं, आणि तेही मातीत किंवा माणसात.

त्या काळानं आपल्याला शब्द मात्र दिले. ‘तोफ’ तुर्की, ‘बंदूक’ अरबी, ‘दारू’ फारसी, आणि तिथं तिचा मूळ अर्थ औषध असा आहे. ‘पिस्तूल’ आणि ‘काडतूस’ हे पोर्तुगीजांकडून आले. ‘पितळ’ आणि ‘पुंगळी’ आपले घरचे. वेगवेगळ्या देशांतून आलेले हे शब्द मराठीनं आपापल्या कप्प्यात नीट ठेवून दिले आणि आजतागायत वापरले.

कागदी काडतुसानं पुढं काय घडवलं ते सर्वांना ठाऊक आहे. एन्फिल्ड रायफलचं काडतूस चरबी लावलेलं असे आणि ते दातानं फाडावं लागे. गाईची चरबी आणि डुकराची चरबी, म्हणजे हिंदू आणि मुसलमान दोघांचाही धर्म एकाच घासात बुडवण्याची सोय. १८५७च्या उठावाची कारणं खोल होती, पण ठिणगी काडतुसाची होती. पितळी काडतुसाला ना दात लागत, ना चरबी. उठावाच्या भीतीनं ते निघालं असं नाही, सगळं युरोप तेव्हा मागून भरायच्या बंदुकीच्या मागं होतं. पण योगायोग पाहा. १८६६-६७च्या सुमारास लंडनजवळच्या वूलविच इथल्या लष्करी प्रयोगशाळेचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी स्नायडर रायफलीसाठी पितळी पत्र्याचं काडतूस तयार केलं, आणि १८६९ साली आपल्या खडकीत दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला. १८७८च्या शस्त्र कायद्यानं सामान्य हिंदी माणसाच्या हातून शस्त्र काढून घेतलं. काडतूस खडकीत बनायचं, बनवणारे हात आपले असायचे, आणि ते बाळगायची परवानगी मात्र साहेब देणार, असा तो काळ.

बॉक्सरची पहिली पुंगळी पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली होती, अगदी आपण कागदाची करतो तशी. सुदानच्या लढाईत १८८४-८५ साली मार्टिनी-हेन्री रायफलींमध्ये असल्या पुंगळ्या फाटून अडकू लागल्या, तेव्हा अखंड ओढलेली पुंगळी घेतली गेली. ती कशी करतात हे पाहण्यासारखं आहे. सत्तर भाग तांबं आणि तीस भाग जस्त असं पितळ घेतात. त्याची चकती कापतात, चकतीची वाटी करतात, आणि ती वाटी साच्यातून पुन्हा पुन्हा ओढत लांब करतात. प्रत्येक ओढीनं पितळ कडक होतं, म्हणून मधे मधे ते भट्टीत तापवून मऊ करावं लागतं. शेवटी बुडावर ठसा उमटवतात. खडकीच्या पुंगळीवर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं आणि साल असे. साहेब खडकीला ‘किरकी’ म्हणत, म्हणून ‘किरकी फॅक्टरी’. माणसाच्या कपाळी काय लिहिलंय ते कुणाला दिसत नाही, पुंगळीच्या बुडावर तिचं गाव आणि जन्मसाल स्वच्छ वाचता येतं.

पितळच का, हाही प्रश्न मनात येईल. बार होतो तेव्हा आतल्या वायूच्या दाबानं पुंगळी फुगते आणि नळीच्या मागच्या घराला घट्ट चिकटते. त्यामुळं जाळ मागं, बंदूकवाल्याच्या डोळ्यांत येत नाही. दाब उतरला की ती किंचित आकसते आणि सहज बाहेर निघते. निव्वळ तांबं फार मऊ, लोखंड फार आडमुठं. पितळ मधलं, फुगतं आणि परत येतं. हा परत येण्याचा गुण आहे म्हणूनच ती पुन्हा वापरता येते. काडतुसाच्या चार भागांत, म्हणजे पुंगळी, टोपी, दारू आणि गोळी यांत, बार झाल्यावर शाबूत राहते ती पुंगळीच, आणि बहुधा सर्वांत महागही तीच.

पण प्रत्येक पुंगळी पुन्हा भरता येईलच असं नाही. बुडाच्या मधोमध एक छोटी टोपी असते. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी पडते. बॉक्सरच्या पद्धतीत टोपीमागं मधोमध एकच भोक असतं, त्यातून सळई घालून जळलेली टोपी सरळ बाहेर ढकलता येते. त्याच सुमारास अमेरिकेतल्या हायरम बर्डन यांनी दुसरी पद्धत काढली. तिच्यात मध्यभागी एक उंचवटा आणि बाजूला दोन बारीक भोकं. तिथं सळई चालत नाही, टोपी काढणं किचकट होतं. गंमत अशी, की इंग्रज बॉक्सरची पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकन बर्डनची युरोपात. म्हणून घरी बसून काडतुसं पुन्हा भरण्याचा छंद अमेरिकेत फोफावला, युरोपात तितका नाही. माणसाच्या सवयी अशा भोकाएवढ्या गोष्टीवरून ठरतात.

अमेरिकेत १८७०च्या दशकात रानरेड्यांची शिकार करणारे लोक रात्री शेकोटीपाशी बसून दिवसभराच्या पुंगळ्या भरत. १८८०च्या दशकात तिथल्या लष्करी ठाण्यांवरही सरावासाठी पुंगळ्या पुन्हा भरल्या जात. त्यासाठी पहिला नियम होता धुण्याचा. जुन्या काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते आणि पितळ खाते, म्हणून पुंगळी त्याच दिवशी पाण्यातून काढायची, कोरडी करायची, मगच डब्यात ठेवायची. दुसरा शत्रू दिसत नसे. जुन्या टोप्यांत पाऱ्याचं एक मिश्रण असे. बार झाल्यावर तो पारा पितळेत शिरे आणि पुंगळी काचेसारखी ठिसूळ होई. बिनधुराची नवी दारू आल्यावर हा त्रास वाढला, कारण काळ्या दारूच्या राखेत पारा पांगत असे, आता तो थेट पितळेला भिडू लागला. वरून पुंगळी झकपक दिसायची, दुसऱ्या बाराला फुटायची.

आपल्याकडे हा उद्योग चालला तो शिकारीच्या बंदुकीच्या आधारानं. विलायतेत छर्ऱ्यांची काडतुसं कागदी कोशाची असत. ती इथल्या पावसाळ्यात फुगत आणि नळीत बसत नसत. म्हणून उष्ण, दमट देशांसाठी अख्ख्या पितळेची काडतुसं निघाली. ती पुन्हा पुन्हा भरता येत, हा दुसरा फायदा. विलायती पार्सलची वाट पाहणाऱ्या शिकाऱ्याला पितळेची मूठभर पुंगळी म्हणजे ठेवच वाटत असणार.

आता या इतिहासातला सर्वांत नवलाचा प्रसंग सांगतो. तो आपल्या पावसाळ्यातच घडला. इंग्रजांच्या फौजा हिंदुस्थानात पावसाळ्यात हालचाली कमी करत. त्या दिवसांत काडतुसं कुठं ठेवायची? छप्पर असलेली, कोरडी, पहाऱ्याखालची जागा म्हणजे घोड्यांच्या पागा. पाऊस सरला, पेट्या उघडल्या, तर कितीतरी पितळी काडतुसांना चिरा गेलेल्या. बार न होता, हात न लागता, विशेषतः जिथं पुंगळीचं तोंड गोळीवर आवळलेलं असतं तिथं. ठरावीक ऋतूत येणारी ही चीर, म्हणून इंग्रजांनी तिला ‘सीझन क्रॅकिंग’ असं नाव दिलं. आपण तिला ऋतूची चीर म्हणू. कारण मात्र कित्येक वर्षं कुणाला उमगेना. १९२१ साली मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघा संशोधकांनी ते मांडलं. घोड्यांच्या मुतातून अमोनिया निघतो. दमट हवेत तो पितळेवर बसतो. पण तेवढ्यानं पितळ चिरत नाही. पुंगळी ओढताना, आवळताना धातूत जो ताण कोंडून राहिलेला असतो, त्या ताणाला अमोनिया वाट करून देतो. ताण आणि वाफ एकत्र आले की चीर जाते. उपायही साधा निघाला. पुंगळी शेवटी थोडी तापवायची, म्हणजे आतला ताण उतरतो, आणि ती पागेच्या वाऱ्यालाही उभी करायची नाही.

म्हणजे पितळ लक्षात ठेवतं. त्याला किती ओढलं, कुठं आवळलं, हे त्याच्या अंगात राहतं आणि हवा बदलली की वर येतं. धातूशास्त्राच्या पुस्तकांत आजही हे उदाहरण शिकवतात, आणि त्याचा उगम आपल्या हिंदुस्थानातल्या पागेत आहे.

आपल्या घरातल्या बायकांना पितळेची ही नाजूक बाजू पुस्तकाविना माहीत होती. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं, म्हणून आत कल्हई हवी. आमच्या घरी वजूसाठी पितळेचा बधना होता. अम्मी तो चिंचेनं घासायची आणि लगेच कोरडा पुसून ठेवायची, ओला ठेवू द्यायची नाही. दारावर कल्हईवाला यायचा, तापल्या भांड्यात नवसागर टाकायचा आणि पांढरा धूर उठायचा. त्या नवसागरातही अमोनियाच असतो. क्षणभर तापल्या धातूवर टाकला तर तो भांडं स्वच्छ करतो. तोच महिनोन्महिने ताणलेल्या पितळेवर बसून राहिला तर ते फोडतो. आजही काडतुसं पुन्हा भरणाऱ्यांना जाणकार हेच बजावतात, की पुंगळ्या चकचकीत करायला अमोनिया असलेलं पॉलिश वापरू नका. लिंबाच्या सत्वाचं सौम्य पाणी चालतं, तेही थोडा वेळ. फार वेळ ठेवलं तर जस्त निघून जातं आणि पितळ लालसर पडतं. अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या बुरकुंडांचा भुगा घेऊन पुंगळ्या फिरत्या डब्यात घुसळणं ही सर्वांत निर्धोक रीत.

ज्या देशांत कायद्यानं परवानगी आहे तिथं असा छंद असलेल्या माणसाचं कपाट पाहिलं तर आपल्या आजीच्या मसाल्याच्या डब्याची आठवण व्हावी. आधी मापाप्रमाणं वाटण्या. मग बुडावरच्या ठशाप्रमाणं, कारण दोन कारखान्यांच्या पुंगळ्या बाहेरून सारख्या दिसल्या तरी भिंतीची जाडी वेगळी असते, आत मावणारी जागा कमीजास्त होते आणि तेवढ्यानं दाब बदलतो. मग किती वेळा भरली त्याप्रमाणं. दर बाराला तोंडाशी पितळ कडक होत जातं, म्हणून डब्यावर चिठ्ठी लावून प्रत्येक खेपेची खूण करायची. एका रायफलीतून उडालेल्या पुंगळ्या शक्यतो त्याच रायफलीसाठी ठेवायच्या, कारण त्या तिच्या घराच्या मापाच्या झालेल्या असतात. तोंडाला चीर गेली की पुंगळी बाद. बुडाच्या जरा वर चकाकती कडी दिसली तर आतून भिंत झिजली असं समजायचं, तीही बाद. बाद झालेली पुंगळी चांगल्यांत मिसळू नये म्हणून पक्कडीनं चेपून टाकायची. आणि सगळं कोरड्या जागी, हवाबंद, ओलाव्यापासून आणि मुलांपासून लांब. या व्यवस्थेत हौस कमी आणि भीती जास्त आहे. डबा चुकला तर शिक्षा हाताला आणि डोळ्याला होते.

आपल्याकडे हा घरगुती छंद नाही, आणि कुणी तो करून पाहू नये. शस्त्र कायदा १९५९ नुसार ‘दारूगोळा’ या शब्दात दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनवण्याची यंत्रंही येतात, आणि परवान्याशिवाय बनवणं हा गुन्हा आहे. आपल्या खेळाडूंचा प्रश्नही वेगळा आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकमध्ये पन्नास मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळवलं, स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफलच्या तीन अवस्थांत कांस्यपदक आणलं. या प्रकारांत ‘पॉइंट टू टू’ मापाची छोटी काडतुसं असतात. त्यांत वेगळी टोपी नसते. पेटणारं मिश्रण बुडाच्या कडेतच भरलेलं असतं, आणि घोडा ती कड चेपून टाकतो. त्यामुळं ही पुंगळी दुसऱ्यांदा भरता येत नाही. विश्वविजेत्या बारातली असो की शिकाऊ मुलाच्या पहिल्या बारातली, ती मोडीतच जायची.

मोड म्हटलं की पुणेकराला तांबट आळी आणि भांड्यांची दुकानं आठवतात. जुनी पितळी भांडी मोडीत द्यायची, वजन करून पैसे वळते करायचे आणि नवं भांडं आणायचं. युद्धं याच हिशेबानं चालतात. पहिल्या महायुद्धात इंग्रजी तोफांच्या मोठ्या पितळी पुंगळ्या आघाडीवरून गोळा करून परत पाठवल्या जात, पुन्हा आकारात आणून भरल्या जात, आणि कितव्यांदा भरली याचा ठसा बुडावर उमटवला जाई. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची अशी ओढ लागली, की अमेरिकेनं १९४३ साली एक सेंटचं नाणं पोलादाचं काढलं. आपल्याकडे त्याच वर्षी भोकाचा पैसा आला. जुन्या माणसांनी तो करगोट्यात ओवलेला असेल. त्या भोकातलं तांबं कुठं गेलं, असं कुणी विचारलं तर उत्तर युद्धाकडे बोट दाखवतं.

या पितळेच्या किमतीची दुसरी बाजू मनाला लागते. सराव क्षेत्रांच्या आसपासची गरीब माणसं धातू वेचायला जातात. नगरजवळच्या खारे-कर्जुने परिसरात न फुटलेला गोळा भंगारासाठी हाताळताना जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. २० नोव्हेंबर २०१८ रोजी वर्धा जिल्ह्यात पुलगावजवळ जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात स्फोट झाला आणि सहा माणसं गेली. रिकामं काय आणि भरलेलं काय हे लष्करात शिकवून, मोजून, वेगळ्या पेटीत ठेवून ठरवतात. पोट भरायला आलेल्या माणसाला ते कुणी शिकवलेलं नसतं. शेतात, माळावर असलं काही दिसलं तर हात लावू नका, पोलिसांना कळवा, एवढं मी या निमित्तानं सांगून ठेवतो.

आता त्या गवतात वाकून खोका शोधणाऱ्या शिपायाकडे वळू. पुंगळी मोजायची याला पहिलं कारण पैशाचं, पितळ परत जमा व्हायला हवं. दुसरं कारण चोरीचं. दहा काडतुसं दिली आणि दहा खोके परत आले, म्हणजे एकही जिवंत काडतूस कुणाच्या खिशात गेलं नाही. पण यातून एक तिसरी गोष्ट आपोआप घडली. जो पुंगळ्या मोजतो त्याच्याजवळ प्रत्येक बाराची नोंद राहते, आणि ती नोंद पुढं त्याच्याच विरुद्ध बोलू शकते.

१३ एप्रिल १९१९. अमृतसरची जालियनवाला बाग. जनरल डायरच्या हुकुमावरून पन्नास शिपायांनी सुमारे दहा मिनिटं जमावावर गोळ्या झाडल्या. किती गोळ्या? १,६५०. चौकशी करणाऱ्या हंटर समितीपुढं हा आकडा आला, आणि तो सैनिकांनी वेचलेल्या रिकाम्या पुंगळ्यांच्या मोजणीवरून आला असं नोंदलेलं आहे. क्षणभर हे चित्र डोळ्यांपुढं आणा. बागेत माणसं विव्हळत आहेत, त्यांना पाणी देणारं कुणी नाही, जखमींची सोय करणं हे आपलं काम नव्हतं असं सेनापती पुढं सांगणार आहे. आणि तिथंच पितळ मात्र शिस्तीनं वेचलं गेलं. मेलेल्या माणसांची सरकारी मोजदाद व्हायला काही महिने जावे लागले. ती ३७९ वर थांबली. काँग्रेसच्या समितीचा अंदाज हजाराच्या आसपास होता. शंभर वर्षं उलटली तरी माणसांच्या आकड्यावर वाद आहे, पुंगळ्यांच्या आकड्यावर फारसा नाही. साम्राज्याला जे परत वापरायचं होतं ते त्यानं नीट मोजलं. माणूस परत वापरायचा नव्हता.

पण त्याच पितळी आकड्यानं डायरची बाजू उघडी पाडली, हेही विसरू नये. दहाबारा गोळ्या गोंधळात सुटल्या असं म्हणता येतं, १,६५० गोळ्यांविषयी तसं म्हणता येत नाही. स्वतंत्र भारतातही गोळीबाराची चौकशी होते तेव्हा पहिले प्रश्न तेच असतात. किती काडतुसं दिली होती, किती परत आली, पुंगळ्या किती जमा झाल्या. म्हणून तो खोका शोधायला लावणारा हवालदार मला आता जाचक वाटत नाही. तो लोकशाहीचं काम करत असतो, त्याला ते ठाऊक असो वा नसो.

आपल्या पुण्यानं हे जवळून पाहिलं आहे. २० ऑगस्ट २०१३च्या सकाळी ओंकारेश्वराजवळच्या पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची गोळ्या घालून हत्या झाली. २०१५ साली कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी, २०१७ साली बंगळुरूत गौरी लंकेश. या तपासांत बुडावरच्या बारीक खुणांची चर्चा वर्षानुवर्षं चालली. घोड्याची सुई टोपीवर आपटते, पुंगळी मागच्या पोलादावर दाबली जाते, आकडा तिला ओढून बाहेर फेकतो. या तिन्हींचे ओरखडे पितळेवर राहतात आणि ते त्या एका शस्त्राचे असतात. दोन पुंगळ्या जोड-सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून ते ताडून पाहतात. तज्ज्ञांच्या मतांत फरक पडतात, न्यायालयात त्यावर उलटतपासणी होते, आणि तसं व्हायलाच हवं. दाभोलकर खटल्याचा निकाल १० मे २०२४ रोजी लागला. पुण्याच्या विशेष न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, तिघांना मुक्त केलं. हत्येपासून निकालापर्यंत दहा वर्षं आणि वर आठ महिने गेले.

इतकी वर्षं ती पुंगळी कशी ठेवायची? तर जवळजवळ त्याच काळजीनं, जी मघाशी आपण कपाटात पाहिली. प्रत्येक पुंगळी वेगळ्या पाकिटात, कारण एकमेकींवर घासल्या तर खुणा बिघडतात. पाकिटावर तारीख, जागा, पंचांच्या सह्या, लाखेचं सील. ओलावा लागू द्यायचा नाही. फरक एकच. भरणारा पुंगळी घासून लख्ख करतो, तपास करणारा ती घासत नाही, कारण त्याला तिचे ओरखडेच हवे असतात. मुद्देमालाच्या खोलीत गळतं छप्पर असेल, पाकिटं एकमेकांत मिसळली असतील, चिठ्ठी उंदरांनी खाल्ली असेल, तर पितळ मुकं होतं. मग कितीही चांगला वकील असो, त्याला काही बोलता येत नाही.

१८६९चा खडकीचा कारखाना १ ऑक्टोबर २०२१पासून ‘म्युनिशन्स इंडिया लिमिटेड’ या सरकारी कंपनीत आला, आणि त्या कंपनीचं मुख्यालयही पुण्यातच आहे. काडतुसं बनत राहतील. ती कुणी, कुणावर, का चालवावीत, याबद्दल आपलं प्रत्येकाचं मत वेगळं असेल. कवी म्हणून मला विचाराल तर एकही चालू नये. पण चाललीच, तर तिच्या पुंगळीची नोंद व्हायला हवी, ती नीट ठेवली जायला हवी आणि मागणाऱ्याला दाखवता यायला हवी. आणि पुंगळ्यांच्या यादीशेजारी माणसांची यादीही तितक्याच काळजीनं लिहिली जायला हवी, नावागावासकट. पुढच्या वेळी बातमीत ‘रिकाम्या पुंगळ्या सापडल्या’ असं वाचाल तेव्हा पुढच्या ओळीकडे जाण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा. किती सापडल्या, आणि त्या आता कुणाच्या ताब्यात आहेत?